लाकडी इमारतीचा सांधा आणि भूकंप



हुबळीहून येल्लापूरकडे जाताना लागणारे कलघटगी हे गाव प्रसिद्ध आहे ते रंगीत सागवानी पाळण्यांसाठी. पाळणा नित्य हलावयाचा. त्याचा सांधा हलला तरी सुटता कामा नये. बहुमजली लाकडी इमारतीला भूकंपात हीच कसोटी लागते. लाकूड हलके, म्हणून धक्क्याचे बळ तिच्यावर कमी येते हे खरे. परंतु तेवढ्यावर विसंबणे घातक होय.

याचा दाखला लातूर जिल्ह्याने दिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात सुमारे आठ हजार माणसे दगावली. तेथील माळवदाच्या घरांत लाकडी खांब व तुळया होत्याच. पण भोवती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि छतावर मातीचा भार. भिंती ढासळल्या; कित्येक ठिकाणी खांबांवरील छत मात्र तगून राहिले. पुढे तज्ज्ञांनी सुचविलेला उपाय साधा होता : छतावरील माती कमी करावी आणि खांब व तुळई यांच्या कोनात तिरका आधार ठोकावा.

कुसू खोबणीत घट्ट बसला की काम झाले, अशी समजूत असते. खाली येणाऱ्या भाराला ते पुरे. भूकंप मात्र तुळईस आलटूनपालटून ओढतो व ढकलतो. कुसू उपसून येतो. बरे, जाड बोल्टाने सांधा जखडावा, तर लाकूड रेषेत उभे चिरते, तेही पूर्वसूचनेवाचून. पोलाद वाकते, लाकूड मोडते. यास्तव आजचे अभियंते एका जाड बोल्टाऐवजी, तुळईच्या टोकापासून पुरेसे अंतर राखून, अनेक बारीक पोलादी सळया योजतात. धक्क्यात त्या वाकतात, ऊर्जा तेथेच जिरते, तुळई शाबूत राहते. म्हणजे कमजोर जागा मुद्दाम ठरवावी लागते. जुन्या सुताराला हे पटणे कठीणच.

मजले वाढले की भिंतीचा पायथा उचलला जाऊ पाहतो. अमेरिकेत सॅन डिएगो येथे मे २०२३ मध्ये दहा मजली लाकडी इमारत कंपनमंचावर हलविण्यात आली. तिच्या भिंती पायथ्याशी डोलत. उभ्या ताणलेल्या पोलादी सळया त्यांना पूर्वस्थितीत आणीत, आणि वाकविलेल्या पोलादी पट्ट्या धक्का झेलीत. अशा पट्ट्या नंतर बदलता येतात.

सह्याद्रीकडील पावसात सांध्यात पाणी मुरते, वाळवी लागते. म्हणून सभामंडपाचा जीर्णोद्धार करताना सांधे रंगाखाली वा नक्षीच्या फळीआड कायमचे झाकू नयेत. दरवर्षी उघडून तपासता येतील असेच ठेवावेत.