लहान मुलांना टिपूर पाहायला न्यावे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी, जानेवारी २०२६ मध्ये, यवतमाळ येथे केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'दोन शब्द' असे छापले आहे. माझे दोन शब्द किती लांबतात हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण आज मी विषयाला धरून बोलणार आहे, कारण मला एका सूचनेला विरोध करायचा आहे. त्रिपुरी पौर्णिमेच्या दीपोत्सवाला पाच वर्षांखालील मुलांना आणू नये, असा कायमचा नियम करण्याची सूचना मंडळापुढे आली आहे. ती ज्या प्रसंगावरून आली त्या प्रसंगात चूक माझी होती. तेव्हा आधी तेच सांगते.

सन २०२४ ची त्रिपुरी पौर्णिमा १५ नोव्हेंबरला होती. माझी नात तेव्हा साडेतीन वर्षांची. सूनबाई म्हणाली, "आई, गर्दी फार असते, तिला नका नेऊ." मी ऐकले नाही. वर, पोरगी छान दिसावी म्हणून तिला घेराचा, गुलाबी जाळीचा, नायलॉनचा फ्रॉक घातला. कापसाच्या जिल्ह्यात राहणारी मी! ऐन वेचणीच्या दिवसांत, शेतोशेतीच्या पऱ्हाट्या पांढऱ्या झालेल्या असताना, नातीला आगीजवळ नेताना सुती झबले मला सुचले नाही.

देवळाच्या पायऱ्यांवर आपण पणत्यांच्या ओळी लावल्या होत्या. चातुर्मासात बसून केलेला ७५० वातींचा त्रिपूर मी तुपात भिजवून आणला होता. तो पेटवायला मी वाकले. एका हाताने नातीला धरले होते, तो हात वातीवर वारा येऊ नये म्हणून सोडला. तेवढ्यात कोणीतरी फोटो काढायला पुढे झाले आणि पोरीने फ्रॉक दाखवायला गिरकी घेतली. घेर पणतीला लागला.

मी ओरडले, एवढेच मला आठवते. नात पळू लागली. पायरीशी झेंडूची टोपली घेऊन बसलेली बाई धावली. "पयू नका देऊ तिले!" असे म्हणत तिने पोरीला खाली पाडले, फुलांवरचा ओला गोणपाट तिच्यावर टाकला आणि दाबला. झाले. कोणी दंतमंजन आणले, कोणी शाई म्हणाले. आपल्या मंडळातल्या ज्या भगिनी नर्स आहेत त्यांनी सगळ्यांना बाजूला सारून पोरीचा पाय नळाच्या गार धारेखाली वीस मिनिटे धरला. जाळी वितळून पोटरीला चिकटली होती. ती त्यांनी ओढू दिली नाही. डॉक्टरांनी नंतर काढली. सुती कापडही पेटते, हे खरे. पण ते असे वितळून कातडीला चिकटत नाही. आणि घेर कशाचाही असो, दिव्यापाशी तो वाईटच.

तळहाताएवढी जखम महिन्याने भरली. सूनबाई मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

पुढे कित्येक महिने देवापुढे निरांजन लावले की नात स्वयंपाकघरात पळे. मग मी तिला दिवसाउजेडी, काडेपेटी दूर ठेवून, वाती वळायला बसवले. बोटाला राख लावून सरकी काढलेला कापूस ओढायचा. तिच्या वाती एका टोकाला जाड, एकीकडे बारीक; पण जळायच्या. तेव्हा मला माझी आजी आठवली. कळंबच्या चिंतामणीला तिने मला अशीच लहान असताना नेले होते. ते देऊळ जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जायचे, समोर कुंड. आजीने मला पणती पेटवू दिली नाही. आदल्या दिवशी कोऱ्या पणत्या पाण्यात भिजवायच्या, म्हणजे त्या तेल पीत नाहीत, आणि पेटवण्याआधी तेल घालायचे, एवढे काम माझे. पण अंधारात उभी राहून 'ही माझी' असे मी बोटाने दाखवत होते. मी माझ्या नातीला मात्र सजवून नुसते उभे केले होते. कामच नाही, मग पोर गिरक्या घेणार नाही तर काय करणार?

आता मागच्या वर्षीचे. ५ नोव्हेंबर २०२५ ला आपण मुलांना घरी ठेवले. उत्सव फार शिस्तीत झाला म्हणे. मी नातीपाशी घरीच होते. साडेसातच्या सुमारास ती दिसेना, म्हणून मी मागल्या बाजूला गेले. पाण्याच्या टाकीआड गल्लीतली तीन मुले, एक काडेपेटी आणि दोन फुटक्या पणत्या. मोठ्यात मोठा आठ वर्षांचा. त्यांना टिपूर लावायचा होता! आया देवळात दिवे लावीत होत्या आणि लेकरे अंधारात. नात तिथेच, चार पावले मागे उभी होती. तिच्या हातात पाण्याने भरलेला तांब्या होता.

भगिनींनो, विस्तवाची ओढ कोणत्या मुलाला नसते? ओरिसात याच पौर्णिमेला पहाटे केळीच्या सोपटाच्या होड्यांत दिवे ठेवून पाण्यात सोडतात. थायलंडातही बहुतेक याच पौर्णिमेला केळीच्या पानांचे द्रोण करून दिवे सोडतात. तिथली मुले घरी कोंडलेली नसतात. आईबापांचा हात धरून पाण्याकाठी असतात. आपल्याकडे तर पाणीही नाही, नुसत्या पायऱ्या आहेत.

म्हणून माझे म्हणणे असे. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच वर येतो. मुलांसाठी रात्रीच्या आरतीपर्यंत थांबायचे कारणच नाही. साडेपाच-पावणेसहाला, गर्दीच्या आधी, खालच्या दोन पायऱ्या मुलांच्या. एका मुलामागे एक बाई, आणि तिच्या हातात ना ताट ना मोबाईल. अंगाबरोबर बसणारे सुती कपडे, केस बांधलेले, ओढण्या घरी. वाती मुलांनी वळलेल्या, तेल त्यांनी घातलेले. पेटवताना हातावर हात मोठ्यांचा. कोणाला फोटो हवे असतील तर ते दुरून. पाण्याच्या दोन बादल्या आणि भिजवलेली गोणपाटे ओळीच्या टोकाशी.

गोणपाट मी आणीन. त्या फुलवाल्या बाईंना मी नवा घेऊन दिला. त्यांचा जुना अजून माझ्याकडे आहे, त्याला गुलाबी जाळी चिकटलेली आहे. त्या बाईंना यंदा आपण पायरीवर नव्हे, आत बोलवावे अशीही माझी इच्छा आहे. पण तो वेगळा ठराव होईल.

सूनबाई आज मागच्या रांगेत बसली आहे. यंदा नातीला न्यायचे की नाही हे ती ठरवील, मी नाही. मंडळाचे मात्र आज ठरायचे आहे. अध्यक्षीणबाई, सूचना मतास टाकावी.