विशीनंतरही उघडी राहिलेली वाढपट्टी



या परिषदेचं अध्यक्षपद मला दिलंत, याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे. वर्षभरात अस्थिरोगशास्त्रात काय नवं घडलं याचा आढावा अध्यक्षानं घ्यावा, अशी आपल्याकडे रीत आहे. आज ती बाजूला ठेवून मी एकाच दुखण्याबद्दल बोलणार आहे. ते विरळ आहे, पण वेळेवर ओळखलं तर माणूस चालता राहतो आणि ओळखलं नाही तर ऐन उमेदीत अधू होतो. प्रौढ वयात, हार्मोनच्या कमतरतेमुळे, खुब्यातला मांडीच्या हाडाचा गोळा निसटणं, हे ते दुखणं.

वाढत्या वयात या हाडाचा गोळा आणि मान यांच्यामध्ये कूर्चेची एक पट्टी असते. हाड तिथून वाढतं. मुलींमध्ये साधारण चौदा ते सोळा आणि मुलांमध्ये सोळा ते अठरा या वयात ही वाढपट्टी हाडात मिसळून बंद होते, आणि मग गोळा निसटण्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणून हा आजार पाठ्यपुस्तकांत दहा ते सोळा वयाच्या, बहुधा वजनदार मुलांचा म्हणून शिकवला जातो. पण थायरॉइड मंद असेल, पिट्युइटरी ग्रंथी काम करत नसेल, लैंगिक हार्मोन तयार होत नसतील, तर पट्टी बंद होण्याचा हुकूमच सुटत नाही. वय वाढतं, वजन वाढतं, शेतातली कामं अंगावर पडतात, आणि हा सगळा भार त्या कच्च्या कूर्चेवर येतो. गोळा खोबणीतच राहतो, मान मात्र पुढे आणि बाहेरच्या अंगाला सरकते.

यामागची कारणं शोधणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे. १९५० साली हॅरिस यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की वाढीच्या हार्मोननं या पट्टीची ताकद कमी होते आणि लैंगिक हार्मोननं ती वाढते. त्याहून विलक्षण गोष्ट १९९४ साली प्रसिद्ध झाली. अठ्ठावीस वर्षांचा एक पुरुष, उंची २०४ सेंटिमीटर, आणि तरीही वाढतच असलेला. त्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन होतं, इस्ट्रोजेनही होतं; पण इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणारा ग्राही (रिसेप्टर) जन्मतः सदोष होता. वाढपट्ट्या उघड्या, हाडं ठिसूळ. पुरुषाचंही हाड पक्कं करायला इस्ट्रोजेनच लागतं, हे त्या एका माणसामुळे जगाला कळलं.

आता आपल्या बाह्यरुग्ण विभागात या. असा रुग्ण बहुधा आईबरोबर येतो. वय चोवीस-पंचवीस, पण पाहणाऱ्याला चौदाचा वाटावा. मिसरूड फुटलेलं नाही, आवाज कोवळा, त्वचा कोरडी. आई सांगते, "गुडघा दुखते जी याचा. निंदायले बसता येत नाही." खुबा आणि गुडघा या दोघांनाही शाखा देणारी ऑब्ट्युरेटर नस एकच असल्यामुळे दुखणं खुब्यात असतं आणि बोट गुडघ्यावर जातं. बाहेर कुठेतरी गुडघ्याचा एक्स-रे निघालेला असतो आणि त्यावर 'नॉर्मल' असा शेरा असतो. तो एक्स-रे उजेडावर धरून पुन्हा पाहा. गुडघ्यालगतच्या वाढपट्ट्या ठसठशीत उघड्या दिसतात, आणि पाकिटावर वय लिहिलेलं असतं चोवीस. निदान त्याच कागदावर असतं.

मग रुग्णाला उताणा झोपवा आणि मांडी पोटाकडे वाकवा. निरोगी माणसाचा गुडघा सरळ छातीकडे येतो. याचा गुडघा आपोआप बाहेर वळून त्याच बाजूच्या काखेकडे जातो. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, आर्वीत करा की समुद्रपूरला, तिला यंत्र लागत नाही. त्यानंतर दोन्ही खुब्यांचा एकत्र एक्स-रे, समोरून आणि पाय बेडकासारखे फाकवून बाजूनं. मानेच्या वरच्या कडेनं रेघ ओढा. ती गोळ्याचा तुकडा कापत नसेल तर गोळा निसटला आहे. किरकोळ पडल्याचं निमित्त असेल तर ही उघडी पट्टी मानेचं फ्रॅक्चर समजली जाते, हेही ध्यानात ठेवा.

विदर्भात आणखी दोन वाटा आपल्याला भुलवतात. लंगडणारा तरुण दिसला की मनात पहिला येतो क्षय, दुसरा सिकलसेल. दोन्ही शंका रास्त आहेत. सिकलसेलमध्ये रक्तपुरवठा तुटून गोळा मरतो, आणि हा आजार आपल्या भागात इतका आहे की त्याची चाचणी व्हायलाच हवी. पण चाचणी नकारार्थी आली म्हणून पुराव्याशिवाय क्षयाच्या गोळ्या महिनोन् महिने चालू ठेवणं मला मान्य नाही. त्या महिन्यांत गोळा आणखी सरकत असतो. आज काठी टेकत चालणारा रुग्ण उद्या उभाच राहू शकत नाही. १९९३ साली लोडर यांनी मांडलेल्या अभ्यासात, पाय टेकताच न येणाऱ्या रुग्णांपैकी ४७ टक्क्यांच्या खुब्यातला गोळा रक्ताविना मेला. चालू शकणाऱ्यांत एकाचाही नाही. त्या दोन अवस्थांमधला काळ आपल्या हातात असतो.

निदान झालं की आपला हात स्क्रूकडे जातो. इथे मी कळकळीनं सांगतो, आधी थांबा. नुसत्या टीएसएचवर विसंबू नका. दोष पिट्युइटरीत असेल तर टीएसएच सर्वसाधारण दिसतं आणि फ्री टी-४ मात्र खाली असतं. सकाळी आठचं कॉर्टिसॉल करा. ते कमी असताना भूल दिली तर रक्तदाब कोसळून रुग्ण टेबलावर दगावू शकतो. आणि स्टेरॉइड सुरू करण्याआधी थायरॉक्सिन दिलं तरी संकट ओढवतं. क्रम महत्त्वाचा: आधी स्टेरॉइड, मग थायरॉक्सिन, मग शस्त्रक्रिया. डोकेदुखी असेल, बाजूचं दिसत नसेल, तर मेंदूचा एमआरआय. गोळा आहे त्या जागी एका स्क्रूनं स्थिर करावा, आणि हार्मोनच्या रुग्णात दुसरा खुबाही निसटण्याचा धोका मोठा असल्यानं तोही त्याच वेळी बांधून टाकावा, असं माझं स्पष्ट मत आहे. हार्मोन सुरू झाल्यावरही पट्टी बंद व्हायला वेळ लागतो. त्या काळात गोळा निसटल्याच्या नोंदी आहेत.

यापेक्षा अवघड भाग वेगळाच आहे. गुडघा दुखतो हे घरचे सांगतात. पाळी कधी आलीच नाही, दाढी आली नाही, हे सांगत नाहीत. मुलीचं लग्न लांबतं, मुलाला चावडीवर चिडवतात, आणि घर गप्प राहतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी थांबतो, किशोर स्वास्थ्य कार्यक्रम एकोणिसाव्या. आपला रुग्ण त्यानंतर दारात येतो, तेव्हा त्याची यादी कोणाकडेच नसते. पण गावातल्या आशाताईंना त्या घरातली गोष्ट ठाऊक असते. त्यांच्याशी आपण कधी बोललो का? सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून विद्यार्थ्यांना गावात नेतं; तिथल्याच कस्तुरबा रुग्णालयाच्या आरोग्य विम्यासाठी इथल्या शेतकऱ्यांनी ज्वारी मोजून दिली आहे. सावंगीचं महाविद्यालयही आपल्या जिल्ह्यातच आहे. दोन वैद्यकीय महाविद्यालयं असलेल्या जिल्ह्यात असा रुग्ण वर्षभर गुडघ्याला मलम चोळत राहावा, हे मला बोचतं.

म्हणून एक ठराव मांडतो. सोळा वर्षांवरील कुठल्याही रुग्णाची मांडी किंवा गुडघा दुखत असेल तर खुबा तपासावा. उंची किंवा वयात येणं मागे राहिलं असेल तर त्याच दिवशी दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढावा, आणि गोळा निसटलेला दिसला तर रुग्णाला पायावर भार देऊ न देता, स्ट्रेचरवरून वरच्या रुग्णालयात पाठवावं. पाळी आणि वयात येण्याबद्दलचे प्रश्न स्त्री रुग्णाला परिचारिकेनं, आडोशाला, एकटीला विचारावेत. हे सगळं मराठीत, एका पानावर लिहून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लावावं. मसुदा आपल्या हाती दिला आहे. दुपारच्या सत्रात तो चर्चेला येईल. आर्वी, आष्टी, कारंजा या लांबच्या तालुक्यांतून आलेल्या सहकाऱ्यांनी स्ट्रेचर आणि रुग्णवाहिकेची अडचण तिथे आधी मांडावी, अशी माझी विनंती आहे.