तोंड शिवलेली गोणी



माझे मामू भंगाराचा धंदा करीत. एसटी स्टँडच्या मागे पत्र्याची शेड, दारात टांगलेला तराजू आणि आत तेलाचे डबे, फुटक्या बादल्या, रद्दीचे गठ्ठे. शाळेच्या सुट्टीत मी तिथे जुन्या वह्या शोधायला जाई. त्यांतल्या कोऱ्या पानांवर मला कविता लिहिता येत. फेरीवाले गोण्या घेऊन आले, की मामूंचा एकच नियम असे : गोणी आधी जमिनीवर ओतायची, मग तोलायची. एखादा म्हणे, "चाचा, सगळं चोख प्लास्टिक आहे, विश्वास ठेवा." मामू हसून म्हणत, "विश्वास आहे रे बाबा, पण तोंड शिवलेल्या गोणीचा भाव करायचा नसतो." आणि खरेच, कधी तिच्यातून ओली रद्दी निघे, तर कधी तळाशी दगड.

हे आठवण्याचे कारण एक आंतरराष्ट्रीय करार आहे. मी कायद्याचा अभ्यासक नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण वस्तूला तिचे खरे नाव देणे हा या कराराचा गाभा आहे, म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

2013 आणि 2014 या वर्षांत कॅनडाहून फिलिपिन्सला शंभराहून अधिक कंटेनर आले. कागदपत्रांत 'पुनर्प्रक्रियेसाठी प्लास्टिक' असे लिहिले होते. उघडून पाहिले, तर आत घरातला कुजका कचरा आणि वापरलेले डायपर होते. फिलिपिन्स म्हणे, परत न्या. कॅनडा म्हणे, हा खासगी व्यापाऱ्याचा मामला आहे. 2016 मध्ये मनिलाच्या न्यायालयाने हा कचरा परत पाठवण्याचा आदेश दिला. तरीही उरलेले 69 कंटेनर घेऊन जहाज निघाले, ते थेट 31 मे 2019 रोजी.

ही गोष्ट जुनीच आहे. 1986 साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराचा कचरा जाळून उरलेली राख घेऊन 'खियन सी' नावाचे जहाज निघाले. एकामागून एक बंदरांनी त्याला नकार दिला. अखेर 1988 च्या सुरुवातीला त्याने हैतीच्या किनाऱ्यावर सुमारे 4 हजार टन राख उतरवली, तीही 'खत' म्हणून! उरलेली समुद्रात गेली.

अशा प्रकारांमुळे 22 मार्च 1989 रोजी स्वित्झर्लंडमध्ये बासेल करार संमत झाला आणि 1992 पासून अमलात आला. भारताने त्याच वर्षी त्याला मान्यता दिली. करार सांगतो, की घातक कचरा पाठवण्याआधी घेणाऱ्या देशाला लेखी कळवा आणि त्याची लेखी संमती आल्याशिवाय माल हलवू नका. पाठवणाऱ्याने बेकायदा माल पाठवला, तर कळल्यापासून 30 दिवसांत तो परत नेण्याची जबाबदारी त्याच्या देशाची. घरगुती कचऱ्यालाही संमतीची ही अट पहिल्यापासून आहे. साधे प्लास्टिक मात्र मोकळ्या मालाच्या यादीत होते. त्या कंटेनरांच्या कागदांवर 'प्लास्टिक' हा शब्द किती सोयीचा होता, हे आता लक्षात येईल.

पुढे जानेवारी 2018 पासून चीनने घरगुती प्लास्टिक कचऱ्याची आयात बंद केली. तोवर जगाचा बराचसा प्लास्टिक कचरा तिकडे जात असे. त्याचे लोंढे मलेशिया, थायलंड, व्हिएतनामकडे वळले. मलेशियातील जेन्जारोम गावचे लोक रात्री जळणाऱ्या प्लास्टिकच्या धुराने हैराण झाले. सरकारला तिथले बेकायदा कारखाने बंद करावे लागले.

अखेर 10 मे 2019 रोजी जिनिव्हात, नॉर्वेच्या प्रस्तावावरून, करारात दुरुस्ती झाली. ती 1 जानेवारी 2021 पासून लागू आहे. तिने प्लास्टिक कचऱ्याचे तीन भाग केले. स्वच्छ, निवडलेले आणि खरोखरच पुनर्प्रक्रियेला जाणारे प्लास्टिक पूर्वीप्रमाणेच पाठवता येते. विषारी द्रव्ये असलेला कचरा घातक ठरतो. आणि मिसळलेला, मळका असा उरलेला सारा कचरा पाठवायचा, तर आधी विचारावे लागते. मामूंच्या धंद्यावर ही बंदी नव्हे. मामूंचाच नियम जगाने उशिरा का होईना, मान्य केला.

भारताने तर 2019 सालीच नियम बदलून घन प्लास्टिक कचऱ्याच्या आयातीला बंदी केली आणि विशेष आर्थिक क्षेत्रांना असलेली सवलतही काढली. 2025 च्या जानेवारीपासून थायलंडने दार लावले. अमेरिकेने बासेल करारावर 1990 मध्ये सही केली, पण त्याला मान्यता कधी दिली नाही. जुलै 2025 पासून मलेशियाने अशा बिगरसदस्य देशांचा प्लास्टिक कचरा घेणे थांबवले. युरोपीय संघानेही विकसनशील देशांकडे जाणाऱ्या प्लास्टिक कचऱ्याच्या निर्यातबंदीसाठी 21 नोव्हेंबर 2026 ही तारीख कायद्यात घातली.

नियम झाले, हे चांगलेच झाले. पण कंटेनरमध्ये काय आहे, हे आजही आधी पाठवणाराच लिहितो आणि बंदरात येणारा प्रत्येक कंटेनर कोणी उघडत नाही. आपण बंदी केली म्हणून आपण सुटलो, असेही नाही. आपल्याच घरातून निघणारी पिशवी कुणीतरी हाताने निवडतेच.

एकदा मामू नमाजला गेले होते. गल्ल्यावर मी होतो. घाई होती, म्हणून एक गोणी न ओतताच तोलली आणि पैसे दिले. दुपारी माल निवडणाऱ्या मावशींनी तिच्यात हात घातला आणि काचेने त्यांचा तळवा चिरला. मामू मला रागावले नाहीत. त्यांनी मला मावशींबरोबर दवाखान्यात पाठवले आणि टाके पडेपर्यंत तिथे बसायला सांगितले.

गोणी न पाहता घेतली मी. रक्त निघाले त्यांचे. जिनिव्हात सह्या करणाऱ्यांचे आणि जेन्जारोममध्ये धूर गिळणाऱ्यांचे नातेही असेच आहे. म्हणून कागदावरच्या 'पुनर्प्रक्रिया' या देखण्या शब्दावर समाधान मानू नये. गोणी कुणीतरी उघडून पाहिली का, हे विचारत राहावे. आणि आपल्या दारातली पिशवी बांधताना तिच्यात काच नाही ना, एवढे तरी पाहावे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)