डिग्री मिळाली, आता परीक्षा कोण घेणार?

मी अंबाजोगाईतून बोलतोय. गेवराई, केज, परळीकडच्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवलाय: "सर, बी.आर्क. झालं. आता लायसन्ससाठी कुठली परीक्षा द्यायची?"

कुठलीच नाही. आपल्याकडे १९७२ चा आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट आहे. मान्यताप्राप्त पदवी असली की काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे अर्ज करायचा, फी भरायची, नंबर मिळाला की तुम्ही आर्किटेक्ट. अमेरिकेत बहुतेक राज्यांत पदवीनंतर ३,७४० तासांच्या कामाची नोंद दाखवावी लागते, वर सहा पेपर. आपण सुटलो, असं वाटतं ना?

पण एक निकाल प्रत्येकानं वाचावा. १७ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा कायदा 'आर्किटेक्ट' या नावाला संरक्षण देतो, कामाला नाही. म्हणजे पाटी तुमचीच, पण नकाशा दुसराही काढू शकतो. आणि आपल्या गावात काढतोच. गिऱ्हाईक आधी ओळखीच्या इंजिनिअरकडे जातं, नाहीतर थेट गवंड्याकडे. यात मला वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. नुसत्या पाटीसाठी कोणी पैसे का द्यावेत? तुम्हाला जास्त काय कळतं, तेवढाच प्रश्न.

आणि कळलेलं जुनं होतं. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. किल्लारीचा भूकंप तुम्ही घरच्यांकडून ऐकलाच असेल. तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशावर झोन १ मध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोका! पुढे २००२ मध्ये आयएस १८९३ सुधारलं, झोन १ च काढून टाकला आणि किल्लारीचा परिसर झोन ३ मध्ये गेला. आता १९९० ला पास झालेला माणूस घ्या. त्याचा नोंदणी क्रमांक तोच राहिला, पण कॉलेजात शिकलेला नकाशा रद्द झाला. त्याला हे कळवायला घरी कोणी येणार नव्हतं.

मागे केजकडच्या एक मावशी आल्या. जुनं माळवदाचं घर, दोन-अडीच फुटी दगडी भिंती. म्हणाल्या, "भिंती भक्कम हायेत, वरचं माळवद काढून नुसता स्लॅब टाकून द्या." मी बघायला गेलो. भिंतीला आतून एक तोंड, बाहेरून एक तोंड, मधे चिपा आणि माती. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा लांब दगड कुठंच नाही. किल्लारीत हजारो माणसं अशाच भिंतींखाली गेली. हादरा बसला की दोन तोंडं फाकतात आणि वरचं वजन खाली येतं. जाडी बघून फसायचं नाही. मावशींना मी दोन रस्ते सांगितले: भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार काँक्रीटचे सांधे आणि सगळीकडून फिरणारा बँड, वर हलकं छत, किंवा स्लॅबच हवा तर नव्या पायातून कॉलम. खर्च ऐकून त्या गप्प झाल्या. मग पत्र्यावर आल्या, पण बँड करून घेतला.

हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. ते आयएस १३८२८ आणि १३९३५ मध्ये आहे. बीआयएसच्या पोर्टलवर मोबाईल नंबरनं लॉगिन करा, फुकट डाउनलोड होतं. महाराष्ट्राची एकत्रित विकास नियमावली, यूडीसीपीआर, डिसेंबर २०२० ची. तीही ऑनलाइन आहे, आणि तिच्यातल्या सुधारणा तारीख बघून वाचायच्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी पीडीएफ बहुतेक जुनी असते.

पहिली दोन वर्षं पगार कमी असला तरी चालेल, पण साइटवर पाठवणारं ऑफिस धरा. एसीत बसून नुसतं थ्रीडी करू नका. आणि पुण्याहून येताना बीडला उतरलात तर खजाना विहीर बघून या. ती राजा भास्कर नावाच्या स्थापत्यकारानं बांधली असं सांगतात.

यूडीसीपीआरमधली साइड मार्जिन पुढच्या भागात, प्लॉटचा नकाशा समोर ठेवून. तुमच्या प्लॉटची मापं व्हॉइस मेसेजनं पाठवा.