मत कोण देतो?

आंजर्ल्याला जोग नदीच्या मुखाशी उभ्या असलेल्या एखाद्या गृहस्थाला "तुम्ही कुठले?" असे विचारून पाहा. विचारणारा कोण, त्यावर उत्तर ठरेल. गावातल्याच माणसाला तो आपली वाडी सांगेल. हर्णैच्या माणसाला म्हणेल, "आंजर्ल्याचा, कड्यावरच्या गणपतीच्या गावचा." मुंबईत विचारलेत तर "आम्ही कोकणातले", आणि दिल्लीत विचारलेत तर "महाराष्ट्रातला". यातले एकही उत्तर खोटे नाही. एकाच अंगरख्याखाली इतकी माणसे नांदतात. मग निवडणुकीच्या दिवशी हा गृहस्थ केंद्रावर जातो, तेव्हा यांपैकी नेमका कोण मत देतो?

राज्यशास्त्राचे अभ्यासक याच प्रश्नाच्या मागे आहेत. आपल्याकडे पुणे विद्यापीठातील प्राध्यापक व. म. सिरसीकर यांनी १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत पुण्याच्या मतदारांचा अभ्यास केला. तो ग्रंथ १९६५ साली निघाला. पुढे १९७३ मध्ये त्यांनी आणखी एक ग्रंथ लिहिला, त्याचे नावच मुळी 'मुकुट नसलेले राजे' अशा अर्थाचे आहे. निकालाच्या आकड्यांवर न थांबता या राजालाच विचारावे की, बाबा रे, तू ठरवलेस कसे, ही त्यांची दृष्टी.

असे विचारायला गेले की पहिली गोष्ट आढळते ती ही, की माणूस एकटा बसून हिशेब करून मत ठरवतो असे फार क्वचित घडते. आणि हे केवळ आपल्या खेड्यांतच चालते असे कुणी समजू नये. १९४० साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका परगण्यात पॉल लाझर्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहाशे मतदारांना मे महिन्यापासून नोव्हेंबरपर्यंत पुनःपुन्हा भेटून प्रश्न विचारले. बहुतेकांचे मत प्रचाराला रंग चढण्यापूर्वीच ठरलेले होते. घर, धर्मपंथ, राहणीमान आणि गाव-शहर यांवरून ते पुष्कळसे ओळखता येत होते. आणि वर्तमानपत्रे व रेडिओ यांच्यापेक्षा ओळखीच्या माणसाच्या शब्दाचे वजन अधिक पडत होते. रेडिओवर बोलायला बसलेल्या माणसाने हे कबूल करणे जरा अवघड आहे, पण खरे ते सांगितले पाहिजे! आपल्याकडे तो शब्द मुंबईहून येतो. पूर्वी पत्रातून यायचा, आता फोनवरून येतो: "यंदा अमक्याला द्यायचं, घरात सगळ्यांना सांगा."

तर मग सगळे आधीच ठरलेले, असे म्हणायचे का? नाही. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचाच दाखला घ्या. १९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर झाली. राजापूर मतदारसंघातून प्रजासमाजवादी पक्षाचे नाथ पै लोकसभेवर गेले, आणि रत्नागिरीतून गेले जनसंघाचे प्रेमजीभाई आशर. दोन पक्षांची तोंडे दोन दिशांना. पण त्या वेळी दोन्ही पक्ष समितीत होते, आणि मतदारातला मराठी माणूस जागा झाला होता. त्याने पक्षाचे नाव फारसे पाहिले नाही. पुढे १ मे १९६० ला राज्य मिळाले. १९६२ मध्ये त्याच महाराष्ट्राने विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला दिल्या. प्रश्न बदलला, तसे उत्तर देणारे मनही बदलले. मात्र राजापूरने १९६२ आणि १९६७ मध्येही नाथ पैंनाच निवडले. १९७१ साली ते वारले, तेव्हा नगरला जन्मलेले मधु दंडवते यांना त्या मतदारसंघाने आपले मानले, आणि १९९१ पर्यंत ते तिथले खासदार राहिले. म्हणजे 'आपला माणूस' कोण, याची व्याख्या जन्मपत्रिकेत लिहिलेली नसते. ती रुंदावता येते, तशी आखडताही येते. प्रचार करणाऱ्यांना हे उत्तम ठाऊक असते. आपल्यातले कोणते मन जागे करायचे, ते हेरूनच ते बोलतात.

आता दुसरी गोष्ट. ज्याला घर एकीकडे ओढते आणि धंदा दुसरीकडे, अशा माणसाचे मत फार उशिरा ठरते, किंवा तो मतदानालाच जात नाही, असे त्या ओहायोच्या अभ्यासात आढळले. अशा माणसाला आपण 'डळमळीत' म्हणून हिणवतो. मला वाटते, यात आपली चूक होते. दोन्ही बाजू ज्याला दिसतात तोच डळमळतो. शाळेच्या पायरीपर्यंत येऊन असा कुणी माघारी फिरला, तर नुकसान गावाचे आहे.

आणि घरातल्या बायकांचे काय? १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशातल्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून गेली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढेच सांगितले होते. नावाशिवाय मत नाही, असे निवडणूक आयोगाने ठरवले. ते कठोर होते, पण त्यामागे एक विचार होता. मत घराला नसते, ज्याचे त्याला असते. जी बाई रोज विहिरीवरून हंडा आणते, तिचा पाण्याचा प्रश्न मुंबईच्या फोनवर कसा कळणार?

दिल्लीच्या 'लोकनीती' या उपक्रमात पुण्याचे प्राध्यापक सुहास पळशीकर यांनी पुष्कळ काम केले. त्यांचे कार्यकर्ते मतदारांच्या घरी जाताना नकली मतपत्रिका आणि एक पेटी बरोबर नेतात. प्रश्न तोंडी विचारतात, पण मत कुणाला दिले ते मतदाराने गुपचूप खूण करून पेटीत टाकायचे. विचारायला आलेला माणूसही ते पाहत नाही. अभ्यासकाने राखलेली ही मर्यादा घरच्यांनी आणि वाडीनेही राखायला नको का?

मोजणी केंद्रावार होते, म्हणून गाव कुणीकडे कलले ते कळते. पण कोण कुणीकडे, ते कळत नाही. तेव्हा गुरुजींना माझी विनंती अशी. वर्गात नागरिकशास्त्र शिकवताना पुठ्ठ्याचा आडोसा करून मुलांकडून एकदा खेळातली निवडणूक घ्या, आणि नंतर कुणी कुणाला मत दिले हे विचारू नका, विचारू देऊ नका. पुढे त्यातलीच एखादी पोर मोठी होऊन केंद्राबाहेर पडेल, आणि शेजारीण विचारील, "काय गो, कुणाला दिलंस?" तेव्हा ती हसून म्हणेल, "ज्याला द्यायचं त्याला!" आणि आपल्या वाटेने घरी जाईल.