‘तुम्हाला काही विचारायचंय का?’

(नोकरीसाठी बेंगळुरूत आलेल्या मराठी मुलामुलींसमोर शिवाजीनगर इथं केलेलं भाषण)



मुलाखतीच्या शेवटी समोरचा विचारतो, “तुम्हाला काही विचारायचंय का?” आणि आपण म्हणतो, “नाही सर.” आपले आईवडील जिथं राबले तिथं प्रश्न विचारणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काम मिळत नसे. म्हणून ही गप्प राहण्याची सवय भित्रेपणातून आलेली नाही. पण ऑफर लेटरवर सही करताना ती महागात पडते.

त्यांच्याकडे मात्र प्रश्न भरपूर असतात. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांचा एचआर अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवरचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, असं सांगणारे हे अधिकारी उमेदवाराचं ‘फॅमिली बॅकग्राउंड’ही महत्त्वाचं मानत होते. तेव्हा वडील काय करतात असं विचारलं, तर एका वाक्यात खरं सांगा आणि लगेच कामाकडे वळा: “पहिले सहा महिने मला काम कोण शिकवणार?” हा प्रश्न मी सगळ्यात वर ठेवते. इतरांचा कुणी काका-मामा अशा ऑफिसात असतो, आपला नसतो.

मग पैसा. सीटीसी 3 लाख 60 हजार म्हणजे हातात महिन्याला 30 हजार नव्हेत. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, कधी कधी व्हेरिएबलही धरलेलं असतं. “दर महिन्याला खात्यात किती जमा होतील?” असंच विचारा. विचारताना लाजू नका, घरी पाठवायचे असतात आपल्याला.

बाँड आहे का, किती वर्षांचा, किती रकमेचा? ‘कोर्टात टिकत नाही’ असं मित्र सांगतात, त्यावर विसंबू नका. विजया बँकेचं मुख्यालय याच शहरात होतं. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास 2 लाख भरायची तिची अट सुप्रीम कोर्टानं मे 2025 मध्ये वैध ठरवली. आणि मूळ प्रमाणपत्रं तपासायला द्या, ठेवून घ्यायला देऊ नका. तिथं हट्ट धरला तर ती नोकरी सोडलेली बरी, असं माझं मत आहे.

राहण्याचं काय? हा प्रश्न किरकोळ वाटतो. बाबासाहेबांनाही बाँड होता: शिष्यवृत्तीच्या बदल्यात बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी. 1917 साली ते तिथं गेले. पद मिळालं, जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं दारात आली. इथले घरमालकही आधी आडनाव विचारतात, मग मटण खाता का ते. म्हणून विचारा, सुरुवातीचे पंधरा दिवस कंपनी राहायची सोय करते का?

मुलींनो, 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच. त्यात कोण कोण आहे, विचारा. जातीसाठी खासगी कंपनीत अशी सक्तीची समिती नाही. पण अमेरिकेत 2020 साली सिस्कोवर जातिभेदाचा खटला झाला आणि पुढं ॲपल, आयबीएम यांनी आपल्या धोरणात जातीचा उल्लेख केला. हा प्रश्न मुलाखतीत नको, ऑफर हातात आल्यावर मेलवर विचारा: “भेदभावविरोधी धोरणाची प्रत मिळेल का?”

सगळी उत्तरं मेलवरच मागा, तोंडी नकोत.

आता जोड्या करा. एकानं साहेब व्हायचं, दुसऱ्यानं विचारायचं. मराठीत नको, इंग्रजीत, जमेल तसं. चुकलं तर हसायचं नाही कुणी.