गोष्ट सांगताना मधे थांबा
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं बोलणं)



आज हप्ते आणि वसुली थोडा वेळ बाजूला ठेवू. शाळेच्या वेळेलाच ज्याचं पोट दुखतं, त्या लेकराविषयी बोलायचंय. रविवारी ते दुखत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का?

मी चौथीत असताना वर्गातल्या एका मुलीला सगळे रंगावरून चिडवायचे. मी चिडवलं नाही, पण हसले. ते अजून मनाला लागतं. म्हणून लहान मुलांसमोर बसले की मी कुरूप बदकपिल्लाची गोष्ट घेते. डेन्मार्कच्या अँडरसननं ती १८४३ साली लिहिली. गदिमांच्या गाण्यामुळे आपल्याला ती ओळखीची आहे.

ही गोष्ट घरी मोठ्यानं वाचा. वाचता येत नसेल तर तोंडी सांगा. फक्त तीन ठिकाणी थांबा.

सगळे पिल्लाला टोचतात, तिथं विचारा, "बाकीचे नुसते बघत होते, त्यांनी काय करायला हवं होतं?" मुलं सांगतात, "त्याला आपल्यात खेळायला घ्यायचं."

मूळ गोष्टीत आई आधी त्याची बाजू घेते. मग तीही वैतागून म्हणते, हा लांब गेला तर बरं. तिथं विचारा, "आता त्यानं कुणाला सांगावं?" हा प्रश्न आपल्यालाही आहे. "तूच काहीतरी केलं असशील" असं आपण किती वेळा म्हणतो!

शेवटी तो राजहंस निघतो. तेव्हा विचारा, "आणि तो बदकच राहिला असता तर?" दुसरीतली एक पोर मला म्हणाली, "तरी टोचायचं नाही." गोष्टीचं सार तिनंच सांगितलं.

गोष्ट सांगताना वर्गातल्या कुठल्याही मुलाचं नाव घेऊ नका. पोर बोलायला लागलं तर आधी पूर्ण ऐका. "तूही दोन ठेवून दे" असं सांगू नका. एखाद्या दिवसाचं भांडण मुलं मिटवतात, पण एकाच मुलाला रोज त्रास होत असेल तर गुरुजींना किंवा बाईंना भेटा. तरी थांबलं नाही तर शाळा व्यवस्थापन समितीत मांडा. कायद्यानं त्या समितीत निम्म्या महिला असतात, म्हणजे आपल्याच. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत फोनही लक्षात ठेवा.

आज रात्री जेवणं झाल्यावर दहा मिनिटं काढा. पुढच्या बैठकीत बचतीच्या आधी एकेकीनं सांगायचं, आपलं लेकरू काय बोललं ते.